ऑनलाइन माहितीवर कितपत विश्वास ठेवायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखादं पान समोर आलं की सगळ्यात आधी काय तपासायचं?

आधी त्या पानातून बाहेर पडायचं. हे उलटंच वाटेल, पण खरं-खोटं शोधणं हेच ज्यांचं रोजचं काम आहे, ती माणसं नेमकं असंच करतात.

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सॅम वाईनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये याबद्दलचा एक अभ्यास मांडला. १० पीएचडीधारक इतिहासकार, १० व्यावसायिक फॅक्ट-चेकर आणि २५ विद्यार्थी यांना त्यांनी काही वेबसाइट पारखायला दिल्या. त्यात बालरोगतज्ज्ञांच्या दोन अमेरिकी संघटनांची पानं होती. एक संघटना १९३० साली स्थापन झालेली, त्या देशातली या क्षेत्रातली सर्वांत मोठी. दुसरी म्हणजे २००२ मध्ये तिच्यातून फुटून निघालेला, एक विशिष्ट सामाजिक भूमिका मांडणारा छोटा गट. नावं जवळपास सारखी, मांडणी सारखी, भाषाही तशीच भारदस्त. विद्यार्थी आणि बरेचसे इतिहासकार पान वरपासून खालपर्यंत वाचत बसले, लोगो आणि संदर्भांची यादी पाहून मत बनवत गेले आणि चकले. फॅक्ट-चेकर मात्र क्षणभर पान न्याहाळून बाहेर पडले. त्यांनी नवे टॅब उघडले, संस्थेचं नाव सर्चमध्ये टाकलं आणि इतरांनी तिच्याबद्दल काय लिहिलंय ते पाहिलं. त्यांना फरक लगेच कळला.

कारण साधं आहे. पानावर जे जे दिसतं ते सगळं पान तयार करणाऱ्याच्या हातात असतं. त्याच्याबद्दल बाकीचे काय म्हणतात, ते त्याच्या हातात नसतं. या एका गोष्टीवर पुढची बहुतेक उत्तरं उभी आहेत.

मग 'आमच्याविषयी' हे पान वाचायचंच नाही का?

वाचा, पण त्यातली नावं टिपून घेण्यासाठी. संस्था कोणाची, संपादक कोण, पैसा कुठून येतो. ही नावं घेऊन बाहेर शोधा. आणि अशी नावंच दिलेली नसतील, तर आरोग्याच्या किंवा पैशाच्या बाबतीत त्या पानावर अजिबात विसंबू नका.

पत्त्याशेजारी कुलूप दिसतं, म्हणजे साइट खात्रीची ना?

नाही. तुमच्या आणि त्या साइटच्या मधल्या वाटेवर कोणी डोकावू शकत नाही, एवढंच ते कुलूप सांगतं. पलीकडे बसलेला माणूस सज्जन आहे की भामटा, हे सांगत नाही. भामटेही अशी कूटबद्ध साइट फुकटात उभी करू शकतात. लोकांचा हाच गैरसमज होतोय हे लक्षात आल्यावर क्रोमने २०२३ मध्ये पत्त्याच्या पट्टीतून कुलूप काढलं आणि त्या जागी साधं सेटिंगचं चिन्ह ठेवलं.

कुलपापेक्षा पत्ता वाचायला शिका. सुरुवातीचं 'https://' सोडून पुढच्या पहिल्या तिरप्या रेषेपर्यंतचाच भाग घ्या आणि तो उजवीकडून वाचा. समजा पत्ता आहे 'तुमचीबँक डॉट खाते-तपासणी डॉट कॉम'. डोळ्यांना आधी 'तुमचीबँक' दिसतं, पण ही साइट बँकेची नाही. ती 'खाते-तपासणी' हे नाव ज्याने विकत घेतलं त्याची आहे. डावीकडे काय लिहायचं ते तो त्याच्या मर्जीने ठरवतो.

शेवटी 'डॉट ऑर्ग' असलं म्हणजे सेवाभावी संस्था, असंही काही नाही. ते नाव कोणालाही घेता येतं. 'डॉट गव्ह' सरकारी यंत्रणांसाठी राखीव असतं. पण त्यावरून पान सरकारचं आहे एवढंच कळतं, त्यातला मजकूर अद्ययावत आहे की नाही हे कळत नाही.

सर्चमध्ये सगळ्यात वर येणारी लिंक सर्वांत विश्वासू असते का?

तसा काही नियम नाही. वरच्या काही लिंक पैसे देऊन आलेल्या जाहिराती असतात. बाकीच्यांचा क्रम ठरवताना तुमच्या शब्दांशी जुळणी, लोकप्रियता, भाषा अशा अनेक गोष्टी धरलेल्या असतात. घाईने पहिली लिंक उघडण्याआधी निकालांचं अख्खं पान एकदा खालपर्यंत पाहा: कोण कोण यावर बोलतंय, ओळखीच्या संस्था आहेत का, सगळा सूर एकच आहे का.

तुम्ही प्रश्न कसा विचारता यालाही फार महत्त्व आहे. 'अमुक औषध घातक का आहे' असं शोधलंत तर घातकच म्हणणारी पानं हाती येतील. 'अमुक औषध परिणाम पुरावा' असं शोधून पाहा, चित्र बदलेल. आपल्याला हवं ते उत्तर आपणच प्रश्नात घालून ठेवतो आणि मग ते सापडल्यावर खात्री पटते.

दहा ठिकाणी तेच लिहिलंय. मग खरंच असेल ना?

त्या दहांची मुळं किती, ते मोजा. एका वृत्तसंस्थेची बातमी दहा जणांनी उचलली असेल तर साक्षीदार एकच आहे. मजकुरातलं एखादं वेगळं वाटणारं वाक्य उचला, अवतरण चिन्हांत घालून सर्च करा. शब्द न् शब्द तसंच वाक्य सगळीकडे निघालं तर ती नक्कल आहे. मग सर्वांत जुनी प्रत शोधा आणि त्या लेखकाला ही गोष्ट कुठून कळली ते पाहा. पुष्कळदा माग काढत गेलं की शेवटी कोणाचीतरी एकच पोस्ट उरते, आणि तिच्यामागे काहीच नसतं.

शिवाय आपलं मनही इथे दगा देतं. हॅशर, गोल्डस्टीन आणि टोपिनो या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये दाखवून दिलं, की तेच विधान पुन्हा पुन्हा कानावर पडलं की ते अधिक खरं वाटू लागतं. पुढच्या अनेक प्रयोगांत हेच दिसलं, आणि ज्यांना त्या विषयाची माहिती आहे तेही यातून पूर्ण सुटत नाहीत. म्हणून 'हे मी कुठेतरी ऐकलंय' याला पुरावा म्हणू नका.

फोटो खरा आहे का, हे कसं ओळखायचं?

फोटोच्या बाबतीत लोक चुकीचा प्रश्न विचारतात असं मला वाटतं. 'हा एडिट केलाय का?' यापेक्षा 'हा कधीचा, कुठला आणि कशाचा?' हे विचारा. कारण सर्वाधिक फसवणूक होते ती अस्सल फोटोंनी. फोटो खरा असतो, खालची ओळ खोटी असते. एका देशातल्या जुन्या दंगलीचा फोटो दुसऱ्या देशातला आजचा म्हणून फिरतो आणि त्यात एडिटिंगचा मागमूसही नसतो.

यावर उपाय उलट शोधाचा. गूगल लेन्स किंवा टिनआय यांना फोटो दिला की तो आधी कुठे कुठे आलाय ते दिसतं. टिनआयमध्ये निकाल सर्वांत जुन्यापासून लावता येतात आणि हीच सोय जास्त कामाची आहे. आज घडलेल्या घटनेचा फोटो चार वर्षांपूर्वी नेटवर असेल तर पुढे काही बोलायलाच नको. काहीच हाती लागलं नाही तर फोटोचा फक्त एक भाग कापून शोधा, किंवा आरशासारखा उलटवून शोधा. व्हिडिओ असेल तर वेगवेगळ्या क्षणांचे स्क्रीनशॉट घेऊन तेच करा.

पुराच्या पाण्याने भरलेल्या रस्त्यावर गाडीशेजारी पोहणारा शार्क तुम्हीही कदाचित पाहिला असेल. त्यातला शार्क दक्षिण आफ्रिकेच्या समुद्रातला आहे. छायाचित्रकार थॉमस पेशाक यांनी एका कयाकच्या (छोट्या होडीच्या) मागून येणारा तो शार्क टिपला होता आणि २००५ मध्ये ते छायाचित्र प्रसिद्ध झालं होतं. कोणीतरी तो कापून रस्त्यावर चिकटवला. २०११ मध्ये आयरीन वादळाच्या वेळी तो प्वेर्तो रिकोचा म्हणून फिरला, २०१७ मध्ये हार्वे वादळात ह्यूस्टनचा म्हणून. मोठं वादळ आलं की तो पुन्हा वर येतो. वर्षानुवर्षं उघडं पडलेलं खोटंही ज्याने ते आधी पाहिलेलं नाही त्याला नवं कोरं असतं.

आणि एआयने बनवलेले फोटो? आता तर काहीच ओळखू येत नाही.

बोटं मोजा, दात पाहा, अक्षरं वाकडी आहेत का पाहा, हा सल्ला झपाट्याने जुना झाला. दोष सापडला तर ठीक, पण नाही सापडला म्हणून फोटो खरा ठरत नाही. इथेही बाहेर पाहणं हाच मार्ग.

२२ मे २०२३ रोजी अमेरिकेत पेंटागॉनजवळ (तिथल्या संरक्षण खात्याच्या मुख्यालयाजवळ) स्फोट झाल्याचा एक फोटो ट्विटरवर पसरला. तो पसरवणाऱ्यांत निळी खूण असलेली खातीही होती; खातं अस्सल असल्याची ती खूण तोवर पैसे भरून मिळू लागली होती. शेअर बाजार काही मिनिटांसाठी खाली आला. तिथल्या अग्निशमन दलाने स्फोट झालाच नसल्याचं जाहीर केलं आणि बाजार सावरला. आता विचार करा: इतक्या गजबजलेल्या, इतक्या महत्त्वाच्या ठिकाणी स्फोट झाला असता तर शेकडो फोनमधून, शेकडो कोनांतून त्याचे व्हिडिओ आले असते. इथे फोटो एकच होता. घटना मोठी आणि साक्ष एकटी, हे लक्षण पिक्सेलमधल्या कुठल्याही दोषापेक्षा भरवशाचं आहे.

ओळखीच्या आवाजात पैसे मागणारा फोन आला तर फोन ठेवा आणि तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर स्वतः लावा. आवाजावरून खात्री करण्याचे दिवस गेले.

चॅटबॉटला विचारून खात्री केली तर चालेल का?

माग काढायला मदत म्हणून वापरा, निवाडा करायला नको. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या दोन वकिलांनी एका विमान कंपनीविरुद्धच्या खटल्यात चॅटजीपीटीने दिलेले जुने निकाल कोर्टात सादर केले. ते निकाल अस्तित्वातच नव्हते. त्यातल्या एकाने शंकाही घेतली होती, पण विचारलं ते त्याच चॅटजीपीटीला: हे खटले खरे आहेत का? हो, असं उत्तर आलं. कोर्टाने त्यांना ५,००० डॉलर दंड केला. ज्याच्यावर शंका आहे त्यालाच साक्षीला बोलावलं तर तपास झालाच नाही. चॅटबॉटने संदर्भ दिला तर तो स्वतः उघडून पाहा: लेख खरोखर आहे का, आणि त्यात तेच म्हटलंय का. दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा, कारण पुष्कळदा लेख खरा असतो आणि म्हणणं भलतंच असतं.

'संशोधनातून सिद्ध झालंय' असं लिहिलं असेल तर?

कोणतं संशोधन, हे सांगितलेलं नसेल तर ते वाक्य पुसून उरलेलं वाचा. सांगितलं असेल तर मूळ निबंध शोधा. सारांश बहुधा फुकट वाचता येतो. अभ्यास माणसांवर झाला की उंदरांवर, किती जणांवर, तुलनेला दुसरा गट होता का, पैसा कोणी दिला, एवढं पाहिलं तरी बातमी आणि निबंध यांतलं अंतर समजतं.

निबंध छापून आला म्हणजे तो पारखला गेला असं समजू नका. पत्रकार जॉन बोहॅनन यांनी मुद्दाम ढोबळ चुका घालून एक बनावट निबंध तयार केला आणि तो ३०४ नियतकालिकांकडे पाठवला. निम्म्याहून जास्त ठिकाणी तो स्वीकारला गेला. २०१३ मध्ये 'सायन्स'ने ही हकिगत छापली. नामांकित नियतकालिकंही चुकतात. लसीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा निबंध १९९८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला तो अवघ्या १२ मुलांवर आधारलेला होता. लॅन्सेटने तो २०१० मध्ये मागे घेतला. मधल्या १२ वर्षांत किती आईवडिलांनी भीतीपोटी मुलांना लस दिली नाही, याचा विचार केला की जीव तुटतो. तो निबंध आजही पुरावा म्हणून पुढे केला जातो. म्हणून निबंधाच्या नावासोबत 'रिट्रॅक्शन' (म्हणजे निबंध मागे घेणं) हा शब्द टाकून एकदा शोधाच.

आरोग्याच्या प्रश्नावर एकेकट्या अभ्यासापेक्षा सगळ्या अभ्यासांचा एकत्र आढावा शोधा. कॉक्रेन ही संस्था १९९३ पासून हेच काम करते आणि तिच्या आढाव्यांचे सोप्या भाषेतले सारांश सगळ्यांना वाचता येतात.

आकडे दिलेले असले की मला ते पटतातच. तिथे काय पाहावं?

'किती पट' वाचलं की लगेच विचारा: आधी किती होतं आणि आता किती झालं?

ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये औषध सुरक्षा समितीने इशारा दिला, की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका दुपटीने वाढतो. बातम्या सगळीकडे झळकल्या आणि असंख्य स्त्रियांनी गोळ्या सोडल्या. दुप्पट ही गोष्ट खोटी नव्हती. पण मूळ आकडे असे होते: आधीच्या गोळ्या घेणाऱ्या ७,००० स्त्रियांमागे एकीला हा त्रास होत होता, नव्या गोळ्यांनी तो दोघींना होत होता. ७,००० मागे एक जादा. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० जादा गर्भपात झाले असा अंदाज आहे. आणि गुठळ्यांचा धोका त्या गोळ्यांपेक्षा गरोदरपणात जास्त असतो. एकही आकडा खोटा न सांगता इतकं नुकसान झालं. म्हणून 'हे खरं आहे का' याच्या जोडीला 'यातून काय गाळलंय' हेही विचारायला हवं.

आलेख दिसला तर उभ्या अक्षाची सुरुवात शून्यापासून आहे का, तेवढं पाहून घ्या.

विकिपीडिया चालेल?

सुरुवातीला, हो, उत्तम. 'नेचर' या विज्ञान नियतकालिकाने २००५ मध्ये ४२ विज्ञानविषयक लेख तज्ज्ञांकडून तपासून घेतले तेव्हा विकिपीडियात लेखामागे सरासरी चार आणि ब्रिटानिका या विश्वकोशात तीन चुका निघाल्या. ब्रिटानिकाने या पद्धतीवर जोरदार आक्षेप घेतला होता, तेही इथे नोंदवायला हवं. लेखाच्या तळाशी दिलेले संदर्भ उघडा, 'चर्चा' आणि 'इतिहास' ही पानं पाहा. कशावरून वाद चाललाय हे तिथे उघडउघड दिसतं. मात्र छोट्या भाषांतल्या आवृत्त्यांत लेख तपासायला माणसं कमी असतात, तिथे जास्त जपून.

सांगणारा मोठा तज्ज्ञ आहे. तरी शंका घ्यायची?

कोणत्या विषयातला तज्ज्ञ, ते पाहा. लायनस पॉलिंग यांना १९५४ मध्ये रसायनशास्त्राचं आणि १९६२ सालचं शांततेचं अशी दोन नोबेल पारितोषिकं मिळाली. १९७० पासून त्यांनी भरपूर क जीवनसत्त्व घेतल्याने सर्दी टळते असा जोरदार प्रचार केला. पुढे झालेल्या चाचण्यांमध्ये, सर्वसामान्य माणसांच्या बाबतीत रोज क जीवनसत्त्व घेऊन सर्दी टळत नाही, फार तर थोडी लवकर आटोपते, असं दिसलं. पॉलिंग यांची विद्वत्ता वादातीत होती. त्यांच्या या दाव्यामागचा पुरावा तेवढा भक्कम नव्हता.

स्क्रीनशॉट तर पुरावा असतो ना?

नसतो. कुठल्याही ब्राउझरमध्ये पानावरचा मजकूर क्षणात बदलून त्याचा फोटो काढता येतो. त्याला कौशल्य लागत नाही. मूळ पोस्ट शोधा. ती काढून टाकली असेल तर वेबॅक मशीन या वेबपानांच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या साइटवर तिची प्रत आहे का पाहा. आणि मूळ सापडली की मागची-पुढची वाक्यंही वाचा. अर्धंच वाक्य उचलून 'ध'चा 'मा' करणं सर्रास चालतं.

व्हॉट्सॲपवर आलेल्या मेसेजचं काय करायचं?

मेसेजवर दुहेरी बाण असेल तर तो तुमच्यापर्यंत येण्याआधी किमान पाच हातांतून गेलेला आहे. तुम्हाला पाठवणाऱ्या काकांचा त्याच्याशी काही संबंध नाही. आपण मात्र काकांवरचा विश्वास त्या मजकुराला देऊन टाकतो, आणि सगळा घोळ तिथेच होतो. तारीख नाही, ठिकाण नाही, 'एका मोठ्या डॉक्टरांनी सांगितलंय' पण नाव नाही, आणि शेवटी 'ताबडतोब सगळ्यांना पाठवा': असा मेसेज तिथेच थांबवा.

वाचून संताप आला किंवा धक्का बसला तर आणखी सावध व्हा. एमआयटीच्या संशोधकांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे १,२६,००० बातम्यांचा माग काढला. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्के जास्त निघाली, आणि १,५०० लोकांपर्यंत पोहोचायला खऱ्या बातमीला खोटीच्या सहापट वेळ लागला. हा फरक बॉटमुळे (आपोआप पोस्ट करणाऱ्या खात्यांमुळे) पडला नव्हता, माणसांमुळे पडला होता. नावीन्य, आश्चर्य आणि किळस यांचा त्यात मोठा वाटा दिसला.

मग कशावरच विश्वास ठेवू नये, हेच बरं नाही का?

नाही, आणि हे मी कळकळीने सांगतो. ज्याचा कशावरच विश्वास उरत नाही तो वादळाचा खरा इशाराही उडवून लावतो आणि डॉक्टरांचा रास्त सल्लाही. लोकांनी सगळं सारखंच खोटं मानावं, हे खोटं पसरवणाऱ्यांच्या सोयीचंच असतं. माहितीचा मोठा भाग निमूटपणे बरोबर असतो, आणि तो बरोबर राहावा म्हणून पुष्कळ माणसं झटत असतात.

मेहनत कुठे घ्यायची ते ठरवा. एखाद्या नटाचं वय चुकलं तर काही बिघडत नाही. पण औषध घेणं-सोडणं, पैसे गुंतवणं, मत देणं किंवा कोणाच्या अब्रूचा प्रश्न असेल तर दहा मिनिटं काढाच. निर्णय होत नसेल तर 'मला अजून कळलेलं नाही' असं म्हणून थांबायला काहीच हरकत नाही.

मी खोटी गोष्ट पुढे पाठवून बसलोय. आता?

गप्प राहू नका. व्हॉट्सॲपवर साधारण अडीच दिवसांपर्यंत मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो, पण ज्यांनी तो वाचला आणि पुढे ढकलला त्यांच्या प्रती तशाच राहतात. म्हणून डिलीट करा आणि त्याच ग्रुपमध्ये नवा मेसेजही लिहा. सुरुवात खऱ्या माहितीने करा, खोटा दावा पुन्हा ठळकपणे लिहू नका. कसं कळलं त्याची लिंक द्या. आणि ज्यांनी तुमचा आधीचा मेसेज पुढे पाठवला असेल, त्यांना हा मेसेज त्याच लोकांना पाठवायची विनंती करा.